कार्ड एक, दावेदार दोन : लिनक्समधल्या नेटवर्क ड्रायव्हरचा इतिहास



या मालिकेत आपण किल्ले पाहिले, मोहिमा पाहिल्या, तहांची कलमं वाचली. आजचा विषय वेगळा आहे, पण पद्धत तीच आहे. जुना संगणक भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स बसवायला घेतलेल्या माणसाला एक अडचण हमखास आडवी येते. पडदा दिसतो, कीबोर्ड चालतो, डिस्क सापडते, आणि नेटवर्कच्या पायरीवर गाडी थांबते. नेटवर्क कार्ड सापडतच नाही, किंवा सापडतं पण त्याच्यासाठी भलताच ड्रायव्हर चढतो. मग माणूस वैतागतो, दुकानदार म्हणतो ‘साहेब, हे जुनं झालं, नवीन घ्या’, आणि चांगलं चालणारं यंत्र कचऱ्यात जातं.

या अडचणीला तीस वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि तो माहीत असला की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगतो. चुकीचा ड्रायव्हर चढतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, त्याची ओळख पटवण्यात गफलत झालेली असते. आणि ओळख पटवायला कागद लागतात. ज्यांनी कागद दिले त्यांची कार्डं वीस वर्षांनीही चालतात. ज्यांनी दडवले त्यांच्या कार्डांपायी लोकांची वर्षं गेली.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. दोन दरबारांची बोलणी व्हायची तर मध्ये दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागे. संगणकाच्या गाभ्याला, ज्याला कर्नेल म्हणतात, कार्डाची भाषा येत नाही. ती ड्रायव्हरला येते. दुभाषी फारसीचा बोलावला आणि समोरचा वकील पोर्तुगीज बोलू लागला, तर दोघंही हुशार असून बोलणी होणार नाहीत. चुकीचा ड्रायव्हर म्हणजे नेमकं हेच.

माणूस सांगेल ते खरं

लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली ऑगस्ट १९९१ मध्ये आणि लिनक्सची १.० आवृत्ती आली मार्च १९९४ मध्ये. त्या काळच्या पीसीत कार्डं बसत ती आयएसए नावाच्या खाचेत. या खाचेतल्या कार्डाला स्वतःची ओळख सांगायची पक्की सोय नव्हती. एनई-२००० हे नोव्हेलचं कार्ड फार चालायचं आणि त्याच्या नकला करणारे कारखाने कितीतरी होते. कार्ड कोणत्या पत्त्यावर बसलंय आणि कोणत्या इंटरप्टवर हाक मारणार, हे कार्डावरच्या छोट्या जंपरांनी ठरवायचं आणि मग तेच संगणकाला सांगायचं.

नाही सांगितलं तर कर्नेल स्वतः शोध घेई. या शोधाला प्रोबिंग म्हणत. एकेक ड्रायव्हर ठरावीक पत्त्यांवर जाऊन दार वाजवून बघे आणि उत्तर आलं की ‘हे माझं’ म्हणे. यात धोका होता. त्या पत्त्यावर नेटवर्क कार्डाऐवजी दुसरंच काही बसलेलं असलं, तर नुसत्या दार वाजवण्यानेही ते बिथरे आणि अख्खा संगणक गोठे. म्हणून बूट करताना ‘या पत्त्यांना हात लावू नकोस’ असं बजावण्याची वेगळी सूचना ठेवावी लागली होती. एक कार्ड सापडलं की शोध थांबे, म्हणून दुसरं कार्ड असेल तर त्याचा पत्ता हातानेच द्यावा लागे.

या पहिल्या पिढीच्या दुभाष्यांतला मोठा वाटा एका माणसाचा आहे, डोनाल्ड बेकर. हे नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करत. १९९४ मध्ये त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी साध्या बाजारी पीसींचे सोळा प्रोसेसर इथरनेटने जोडून एक मोठा संगणक उभा केला. त्याचं नाव बेओवुल्फ. स्वस्त यंत्रं जोडायची तर स्वस्त कार्डं चालली पाहिजेत, आणि ती चालायची तर ड्रायव्हर पाहिजेत. बेकर यांनी ते एकामागून एक लिहिले आणि सगळ्यांना खुले केले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं. त्या वाटेची सुरुवात अशा साध्या कार्डांच्या ड्रायव्हरांपासून झाली.

दारावर पाटी लागली

१९९२ मध्ये इंटेलने पीसीआय नावाची नवी व्यवस्था आणली आणि पुढच्या काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. फौजेत रात्री पहारेकरी विचारतो, ‘थम! कौन आता है?’ आयएसएच्या काळात या प्रश्नाला उत्तरच मिळत नसे. पीसीआयने उत्तर देणं सक्तीचं केलं. प्रत्येक कार्डात दोन आकडे कोरलेले असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक मालाचा. दोन्हींना प्रत्येकी सोळा बिटांची जागा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतला, आपल्याच प्रसिद्ध प्रोसेसरचा. रिअलटेक या तैवानी कंपनीचा आकडा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. यातली अक्षरं बघून गोंधळू नका, ही सोळाच्या पटीतली मोजणी आहे.

आता दार वाजवून बघायची गरज उरली नाही, पाटी वाचली की झालं. मग लिनक्समध्ये ड्रायव्हरांनीही आपापल्या याद्या जाहीर करायला सुरुवात केली, ‘मी या या आकड्यांची भाषा जाणतो’ अशा. कार्डाचा आकडा एका बाजूला, ड्रायव्हरची यादी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये जुळणी करणारा कारकून. २.४ आणि २.६ या कर्नेलांच्या काळात, म्हणजे २००१ ते २००३ च्या सुमारास, ही जुळणी आपोआप होऊ लागली. आज आपण यूएसबी खोचतो आणि ते चालू लागतं, त्यामागे हीच व्यवस्था आहे.

प्रश्न सुटला असं वाटतं ना? खरी गंमत इथून पुढे आहे.

एकच पाटी, दोन घरं

तुमच्यापैकी ज्यांनी २००० च्या आसपास संगणक जोडून घेतला असेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळुरूच्या एसपी रोडवरून, त्यांनी एक छोटं कार्ड पाहिलं असेल. त्याच्या चिपवर खेकड्याचं चित्र असे. ते रिअलटेकचं बोधचिन्ह. चिपचा नंबर ८१३९. स्वस्त म्हणून ही चिप जगभर खपली. आपल्याकडच्या कॅफेत, शाळेत, कचेरीत तीच होती.

नंतर रिअलटेकने याच चिपची सुधारलेली आवृत्ती काढली, ८१३९ सी प्लस. तिची कामाची तऱ्हा आतून बरीच वेगळी, म्हणजे भाषाच दुसरी. पण पाटीवरचे आकडे तेच ठेवले, १०ईसी आणि ८१३९. फरक कळायचा तो तिसऱ्या एका बारीक आकड्यावरून. त्याला रिव्हिजन म्हणतात. सोळाच्या मोजणीतल्या २० पेक्षा रिव्हिजन कमी असेल तर जुनी चिप, २० किंवा जास्त असेल तर सी प्लस.

लिनक्समध्ये या दोघींसाठी दोन वेगळे ड्रायव्हर झाले. जुनीसाठी ‘८१३९टू’ आणि नवीसाठी ‘८१३९सीपी’. पाटी एकच असल्यामुळे दोन्ही ड्रायव्हरांच्या यादीत तोच आकडा. कार्ड एक आणि दावेदार दोन!

त्या काळच्या इन्स्टॉलरांकडे एक साधी तक्ता-वही असे. रेड हॅटच्या वहीत आकड्यासमोर ड्रायव्हरचं नाव लिहिलेलं असे आणि जे नाव सापडेल ते सेटिंगच्या फाइलीत नोंदलं जाई. वहीत आकडा बरोबर असूनही चिपची पिढी दुसरी निघाली, तर भलताच ड्रायव्हर चढे. आजची पद्धत निराळी आहे. दोन्ही ड्रायव्हरांना बोलावलं जातं आणि प्रत्येक जण कार्डाची रिव्हिजन स्वतः वाचून ठरवतो. चूक असेल तो माघार घेतो आणि जाताना नोंदवहीत लिहून जातो की ही चिप सी प्लस नाही, दुसरा ड्रायव्हर वापरा. ही ओळ अशा कार्डाच्या संगणकांच्या नोंदवहीत आजही उमटते आणि लोक ती वाचून घाबरतात. खरं तर ती बिघाडाची खूण नाही. ‘हे काम माझं नाही’ असं दुभाष्याने प्रामाणिकपणे सांगितलंय एवढाच तिचा अर्थ.

अशा जोड्या आणखीही आहेत. डेव्हिकॉमच्या एका चिपवर ‘ट्यूलिप’ आणि ‘डीएमएफई’ हे दोन ड्रायव्हर हक्क सांगत. तिथे माघार घेण्याची शिस्त इतकी पक्की नव्हती, म्हणून वापरणाऱ्याला एकाला हाताने बाजूला काढावं लागे.

पुढे वाद आणखी आत शिरला. रिअलटेकच्या गिगाबिट चिपांचा ड्रायव्हर आहे ‘आर८१६९’. २०१८-१९ च्या सुमारास त्याच्या कामाची विभागणी झाली आणि केबलच्या तारांवरचं बोलणं सांभाळायला ‘रिअलटेक’ नावाचा दुसरा छोटा ड्रायव्हर लागू लागला. काही ठिकाणी बूटच्या सुरुवातीला वापरायच्या छोट्या शिदोरीत, जिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात, पहिला ड्रायव्हर होता आणि दुसरा नव्हता. मग त्याच्या जागी कामचलाऊ, सर्वसाधारण ड्रायव्हर बसे आणि नेटवर्क लंगडं होई. मुख्य दुभाषी बरोबर, पण त्याचा सहायक चुकीचा. नंतर आर८१६९ मध्येच अशी सूचना घातली गेली की नेमका सहायक सापडत नाहीये, शिदोरीत घालायचा राहिला असेल, बघा.

आपल्याकडे लिनक्स आलं ते सीडीवरून

आता थोडं आपल्या मुलखाकडे वळू. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या त्या वेगात अख्खं लिनक्स उतरवून घेणं घरगुती माणसाला परवडणारं नव्हतं. मग १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. पुढच्या त्यांच्या आवृत्त्या रेड हॅटवर आधारलेल्या होत्या. त्यामागचा एक मोठा उत्साही माणूस म्हणजे बेंगळुरूचे अतुल चिटणीस. आडनाव ऐकूनच मराठी माणसाचे कान टवकारतात. बर्लिनमध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी १९८९ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्याही आधी, बेंगळुरूत ‘सिक्स’ नावाचं बुलेटिन बोर्ड चालवलं होतं. फोनची तार जोडायची आणि निरोपांची देवाणघेवाण करायची. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लिनक्स बंगलोर’ हा मेळावा सुरू केला. २००५ पासून तो ‘फॉस डॉट इन’ या नावाने भरत असे. चिटणीस ३ जून २०१३ रोजी गेले. म्हैसूरहून बेंगळुरू दीडशे किलोमीटरच्या आत. इथल्या महाविद्यालयांतल्या पोरांना लिनक्सचं वारं लागलं ते त्या बाजूने.

त्या सीडीच्या काळातला पेच लक्षात घ्या. सीडीवरून लिनक्स बसलं, पण नेटवर्कचा ड्रायव्हर नसला, तर तो आणायला नेटवर्कच हवं. विहिरीत उतरायची दोरी विहिरीच्या तळाशी! मोडेमचं दुखणं त्याहून मोठं होतं. संगणकाच्या पोटात बसणारे स्वस्त मोडेम निम्मं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ढकलत. त्या सॉफ्टवेअरचा लिनक्ससाठी दुभाषी नसे, मग मोडेम म्हणजे नुसता तुकडा. जाणकार सांगत, ‘बाहेर ठेवायचा मोडेम घ्या, महाग पडला तरी चालेल.’ त्याला साधी, जाहीर, सगळ्यांना माहीत असलेली भाषा येई.

कागद दडवले की काय होतं

इथे आपण मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. वायरलेस कार्डांचा जमाना आला आणि ब्रॉडकॉमच्या चिपा लॅपटॉपांत सर्रास बसू लागल्या. कंपनी त्यांची तांत्रिक कागदपत्रं देईना. मग काही मंडळींनी उलट्या बाजूने काम सुरू केलं. एका गटाने कंपनीचा चालणारा ड्रायव्हर बारकाईने तपासून चिप कशी वागते याचं टिपण लिहायचं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न बघता, फक्त ते टिपण वाचून, नवा ड्रायव्हर लिहायचा. मधे भिंत ठेवायची, म्हणजे चोरीचा आळ येऊ नये. त्यातून झालेला ड्रायव्हर जून २००६ च्या कर्नेलमध्ये आला आणि त्याचा सुधारलेला अवतार ‘बी४३’ जानेवारी २००८ मध्ये. कंपनीने स्वतः काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर जाहीर केला तो सप्टेंबर २०१० मध्ये. मधल्या वर्षांत हजारो लॅपटॉप अर्धवट चालले.

गुंता तिथेही संपला नाही. बी४३ ला चिपच्या आत भरायचं एक फर्मवेअर लागतं आणि ते वाटण्याची परवानगी मिळालेली नाही. डेबियन या वितरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान झालं आणि खुली नसलेली फर्मवेअरं इन्स्टॉलरबरोबर द्यायचं ठरलं. १० जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तसं होतं आणि बहुतेकांची सोय झाली. पण जे वाटायचीच परवानगी नाही ते देणार कसं? म्हणून जुन्या ब्रॉडकॉम कार्डांसाठी आजही एक वेगळं पॅकेज लागतं. ते बसवताना फर्मवेअर इंटरनेटवरून उतरवून घेतं. म्हणजे पुन्हा तीच विहीर, तीच दोरी.

याच कार्डांसाठी कंपनीचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ नावाचा बंद ड्रायव्हरही आहे. तो बसवला की तो बी४३ ला मज्जाव करणारी यादी लिहून ठेवतो. पुढे कर्नेल बदललं आणि डब्ल्यूएल नव्या कर्नेलसाठी तयार झाला नाही, तर तो हजर नाही आणि बी४३ ला मनाई. दोन्ही दुभाषी गैरहजर! वायफाय काल होतं आणि आज गेलं, याचं हे एक नेहमीचं कारण.

२००८ चा खटला

ओळखीच्या गफलतीत नेहमी समोर दिसणाराच गुन्हेगार असतो असं नाही. सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ या कर्नेलची चाचणी चालू असताना इंटेलची नेटवर्क कार्डं मरू लागली. नुसती बंद नव्हे, त्यांच्या आतली कायमची स्मृती खराब होत होती. विंडोज लावलं तरी कार्ड उठेना. संशय अर्थातच ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर. काही वितरणांनी तो काढून टाकला. इंटेलच्या लोकांनी त्या स्मृतीवर लिहिण्याला कुलूप घातलं. आणि ऑक्टोबरमध्ये खरा आरोपी सापडला, कर्नेलच्या हालचाली टिपणारी ‘एफट्रेस’ नावाची सोय. तिच्याकडे कर्नेलमधल्या जागांची एक यादी असे आणि वेळ आली की ती त्या जागी लिही. मधल्या काळात ती जागा मोकळी होऊन कार्डाच्या स्मृतीसाठी दिली गेली असली, तर लिहिणं थेट कार्डावर होई. ड्रायव्हर निर्दोष होता. कर्नेल सगळ्यांना वाचता येण्याजोगं होतं, म्हणून हा निकाल काही आठवड्यांत लागला.

अभ्यासिकेतले सहा संगणक

आता आपल्या हातातलं काम. इथे म्हैसूरला सरस्वतीपुरम भागात काही मराठी आणि कन्नड घरांनी मिळून चालवलेली एक छोटी अभ्यासिका आहे. मुलं तिथे शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, प्रवेशपत्रं छापतात. सहा संगणक, दुसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरांचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरांना दारातच उभं करत नाही. नवे सहा घ्यायला पैसे नव्हते आणि अर्जांच्या तारखा थांबत नाहीत. ठरलं, डेबियन १३ बसवायचं.

पाच बसले. सहाव्याने नेटवर्कवर अंग टाकलं. मदतीला इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. त्याने नोंदवही उघडली आणि म्हणाला, ‘काका, सापडलं. ८१३९सीपी हा चुकीचा ड्रायव्हर चढतोय. त्याला ब्लॅकलिस्ट करतो.’

मी म्हटलं, ‘अरे, खालची ओळ वाच की.’

खालच्या ओळीत ८१३९टू ने कार्ड ताब्यात घेतल्याची नोंद होती. म्हणजे चुकीचा दुभाषी माघार घेऊन गेला होता आणि बरोबर दुभाषी खुर्चीत बसला होता. मग अडलं कुठे? यंत्रांची यादी मागितली तर कार्डं दोन निघाली. एक बोर्डावरचं, एक खाचेत बसवलेलं खेकडावालं. एका वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा बोर्डावरचं पोर्ट जळलं होतं आणि मेकॅनिकने स्वस्तातलं जुनं कार्ड बसवून दिलं होतं. बोर्डावरची चिप अर्धमेली. नाव विचारलं की सांगायची, ड्रायव्हरही घ्यायची, पण तारेवर काही बोलायची नाही. साफसफाईत कुणीतरी केबल त्या जळक्या पोर्टात खोचली होती. केबल खाली घेतली, हिरवा दिवा लागला, पत्ता मिळाला. मग बायोसमध्ये जाऊन बोर्डावरचं पोर्ट बंद करून टाकलं, म्हणजे पुन्हा कुणाची फसगत नको.

हा अनुभव सांगितला तो तपासाचा क्रम लक्षात राहावा म्हणून. आज्ञा मी देवनागरीत उच्चारल्याप्रमाणे सांगतो, कीबोर्डवर त्या छोट्या रोमन अक्षरांत लिहायच्या.

पहिलं, काहीही न बदलता ओळख विचारा. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह द्या. कार्डाच्या नावापुढे कंसात दोन आकडे दिसतील, तेच खरं नाव. खोक्यावर छापलेलं नाव सोडून द्या. एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या चिपा निघतात.

दुसरं, त्याच उत्तरात खाली दोन ओळी असतात. एक सांगते सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे, दुसरी सांगते कोणकोण दावेदार आहेत. दुसऱ्या ओळीत दोन नावं दिसली म्हणून घाबरू नका, पहिली ओळ बघा. पहिली ओळच नसेल तर कार्ड अनाथ आहे.

तिसरं, ‘डीमेसेज’ वाचा. ड्रायव्हर आला का, माघार घेतली का, फर्मवेअर मागतोय का, सगळं तिथे लिहिलेलं असतं. इन्स्टॉलेशन चालू असतानाही दुसऱ्या पडद्यावर जाता येतं. डेबियनच्या साध्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ२ दाबलं की आज्ञा द्यायची जागा आणि ऑल्ट आणि एफ४ दाबलं की नोंदी.

चौथं, ‘आयपी लिंक’ ही आज्ञा देऊन आणि डोळ्यांनी दिवा बघून तार खरंच जोडलेली आहे का ते पाहा.

पाचवं, हे सगळं झाल्यावरच ड्रायव्हर बदला, आणि आधी तात्पुरता. ‘मॉडप्रोब’ला ‘आर’ पर्याय देऊन नको तो उतरवा, मग हवा तो चढवा. चाललं तरच कायमचं करा. त्यासाठी मॉडप्रोबच्या सेटिंगच्या फोल्डरात एक छोटी फाइल करून त्यात ब्लॅकलिस्ट आणि ड्रायव्हरचं नाव लिहायचं. आणि मघाची शिदोरी आठवा. तिच्यात जुनी प्रत असते, म्हणून डेबियनमध्ये ‘अपडेट-इनिट-रॅम-एफएस’ ही आज्ञा ‘यू’ पर्यायासह दिल्याशिवाय बदल पुरता लागू होत नाही. ब्लॅकलिस्टमुळे ड्रायव्हर आपोआप चढणं थांबतं. कुणी हाताने चढवला किंवा दुसऱ्या ड्रायव्हरला तो लागला, तर तो येतोच.

आणि विहिरीतल्या दोरीचा प्रश्न? त्यावर आज सोपा तोडगा आहे. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. संगणकाला बहुतेक वेळा तो तयार नेटवर्क कार्डासारखा दिसतो. अभ्यासिकेला कुणी दिलेल्या एका जुन्या लॅपटॉपात ब्रॉडकॉमचं कार्ड होतं. त्याचं फर्मवेअर आम्ही असंच फोनवरून आणलं.

ज्यांना हे सावकाश शिकायचंय त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत.

हे सगळं कशासाठी

कुणी म्हणेल, एका कार्डाची एवढी कहाणी कशाला? कारण हाच प्रश्न देशालाही पडतो. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेलं ‘बॉस’ आणलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली ‘माया’ बसवणार. मी गणवेश उतरवून बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्याच्या आतलं मला सांगायचं नाही. पण एवढं कुठल्याही फौजी माणसाला कळतं, की ज्या दुभाष्यावर आपली बोलणी अवलंबून आहेत तो काय बोलतो हे आपल्याला तपासता आलं पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिम आपली आणि ड्रायव्हर बंद, तर पहारा अर्धाच. यंत्रखरेदीच्या अटींत ‘या चिपचा खुला ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये असावा’ अशी एक ओळ घातली, तर पुढची दहा वर्षं सोपी जातात. शाळेने सहा संगणक घेतले काय किंवा सरकारने सहा हजार, ओळ तीच.

डोनाल्ड बेकरांनी ज्या काळात दार वाजवत कार्डं शोधणारे ड्रायव्हर लिहिले, त्यानंतर बरंच काही बदललं. नोंदवही वाचायची सवय मात्र तेव्हाही लागत होती आणि आजही लागते. तेव्हा घरातला जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा त्याच्या कार्डाचे दोन आकडे वाचा. बरेचदा त्याचा दुभाषी कुणीतरी कधीच लिहून ठेवलेला असतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.